शहाण्यांनो, कोर्टाची पायरी चढा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो रत्नागिरी जिल्ह्यातला नसावा, अशी आमची फार दिवसांची शंका आहे. असलाच, तर त्याचे इथे कोणी ऐकले नाही. हापूसच्या एका कलमाच्या मालकीसाठी, हातभर रुंदीच्या पाणंदीसाठी, सामाईक विहिरीवरच्या रहाटासाठी इथली घराणी आजोबांपासून नातवापर्यंत तारखा घेत आली आहेत. ज्या ट्रंकेत आईचे लग्नातले लुगडे, त्याच ट्रंकेत दाव्याचे कागद. आम्ही ख्रिस्ती यातून सुटलो आहोत असे कोणी समजू नये. सणाच्या मिस्सेला दोन सख्खे भाऊ एका बाकावर बसत नाहीत, हे दृश्य आम्ही वेदीवरून अनेक वर्षे पाहत आलो आहोत. दोघांचेही वकील ठरलेले असतात, दोघांनाही पुढची तारीख तोंडपाठ असते.

मात्र याच माणसांच्या घरातला मुलगा यंत्रात हात गमावून बसला, की सगळ्या गावाला ती म्हण एकाएकी आठवते. मालकाशी वैर नको. वकील लुबाडतील. वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील. देतील ते घ्यावे आणि देवाचे आभार मानावे. झाडासाठी जो कोर्टात जातो तो करारी पुरुष ठरतो, आणि हातासाठी जाऊ पाहणारा मात्र भांडखोर! हा न्याय आम्हांला मान्य नाही. त्याविरुद्ध लिहिण्याचा आमचा अधिकार कितपत आहे हे वाचकांनी ठरवावे, कारण पुढची हकीकत आमच्याच अपराधाची आहे.

२०१८ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. या जिल्ह्यात ज्या धर्मग्रामात आम्ही तेव्हा होतो, तेथील एक तरुण जांभ्याच्या चिरेखाणीवर कटाईचे यंत्र चालवीत असे. वय पस्तीस पूर्ण. पत्नी, दोन मुली, म्हातारी आई. एके दिवशी फिरते पाते अडकले, ते सोडवायला गेला आणि उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला. खाणमालकाने त्याला आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले, तेथील बिल भरले, दुसऱ्या दिवशी फळे घेऊन भेटायला गेला. माणूस दुष्ट नव्हता, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. चर्चच्या आवाराची भिंत पडली तेव्हा त्याने दोन ट्रक चिरे फुकट पाठविले होते, हेही सांगितले पाहिजे. कारण ते चिरे आमच्या डोक्यात होते.

महिन्याभराने तो आमच्याकडे आला. म्हणाला, "फादर, मी साठ हजार देतो आणि त्याला खाणीवर राखणदार म्हणून ठेवतो. पण पुढे कटकट नको. तुम्ही सांगाल तसं करू." आम्ही दोन्ही बाजूंना चर्चच्या कार्यालयात बोलाविले. स्टॅम्पपेपर मालकानेच आणला होता. 'यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही' असे त्यावर लिहिले होते. तरुणाने डाव्या हाताचा अंगठा उमटविला. तो शिकलेला होता, पण डाव्या हाताने त्याला सही येत नव्हती. त्याआधी त्याच्या पत्नीने, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, हळूच विचारले होते, "फादर, एकदा वकिलाला विचारून बघू काय?"

आम्ही तिला ती म्हण ऐकविली.

आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.

तरुण दोन वर्षे राखणदार राहिला. नंतर खाण बंद झाली, कारण परवान्याची मुदत संपली. तोंडी दिलेल्या शब्दाची मुदत त्याआधीच संपली होती. पुढे एका निवृत्त कामगार-कार्यकर्त्याशी बोलताना सहज हा विषय निघाला. त्यांनी कागद मागविला, वाचला, आणि चष्मा काढून आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आम्हांला जो हिशेब करून दाखविला तो असा.

तेव्हा लागू होता तो १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून तो अमलात होता. ज्या काळात रत्नागिरीची माणसे बोटीने मुंबईला जाऊन गिरण्यांत उभी राहत होती, त्या काळातला. त्याच्या परिशिष्टात कोणत्या अवयवाच्या हानीने कमाईची शक्ती किती टक्के घटते याची यादीच होती. एका हाताची चारही बोटे गेल्यास पन्नास टक्के. वयानुसार एक गुणांक, पस्तीस वर्षांना १९७.०६. मासिक वेतन खरोखर कितीही असले तरी २०१८ मध्ये ते ८,००० रुपयांपर्यंतच धरले जाई (जानेवारी २०२० मध्ये ही मर्यादा १५,००० झाली). आठ हजारांचे साठ टक्के म्हणजे ४,८००. त्यास १९७.०६ ने गुणले की ९,४५,८८८ रुपये, आणि त्याचे निम्मे ४,७२,९४४. एक महिन्याच्या आत ही रक्कम दिली नाही तर वर्षाला बारा टक्के व्याज. सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. औषधोपचाराचा खर्च वेगळा, म्हणजे रुग्णालयाचे बिल भरून मालकाने उपकार केला नव्हता.

पावणेपाच लाखांच्या जागी साठ हजार. आणि ज्या कागदाच्या धाकाने ते कुटुंब गप्प बसले, तो कागद कायद्याच्या दृष्टीने कवडीमोलाचा! कामगाराने आपला हक्क सोडून देण्याचा करार त्या कायद्याखाली निरर्थकच होता. तडजोड करायचीच तर तिचे टिपण नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावे लागे, आणि रक्कम अपुरी किंवा सही दबावाखाली घेतलेली दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकत. आमच्या स्टॅम्पपेपरात बळ होते ते एकच, धर्मगुरूंच्या सहीचे. मालकाने चिऱ्यांनी विकत घेतले नसते तर ते त्याला मिळाले नसते, असे आज आम्हांला वाटते. त्या वेळी मात्र आपण समेट घडवून आणला या समाधानात आम्ही जेवलो आणि शांत झोपलो.

आमची चूक नेमकी कोठे झाली याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. भांडण आणि देणे यांतला भेद आम्हांला कळला नाही. दोन भाऊ बांधावरून भांडतात तेव्हा त्यांना एकमेकांजवळ आणणे हे धर्मगुरूचे काम खरेच. पण एकाचे दुसऱ्याकडे देणे असेल तर तेथे समेट कसला? वाण्याची उधारी थकली म्हणून आम्ही कधी वाण्याला सांगितले आहे का, की बाबा, आठातला एक भाग घे आणि बाकीचे क्षमा कर? हात गमावलेल्या माणसाला तेच सांगायला आम्हांला संकोच वाटत नाही, कारण त्याची भरपाई हे देणे आहे हे आमच्या मनाने स्वीकारलेलेच नाही. आम्हांला ती दया वाटते. आणि दयेच्या रकमेवर घासाघीस करणे अर्थातच असभ्य!

सरकारी भाषेतही हा घोटाळा आहे. २०२१ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत लागोपाठ अपघात होऊन कामगार दगावले. अशा वेळी 'सानुग्रह मदत' हा शब्द कानांवर येतो. अनुग्रहासह दिलेली ती सानुग्रह. अनुग्रह हा आमच्या धर्मातलाही मोठा शब्द आहे, पण तो देवाच्या बाबतीत वापरण्याचा. कारखान्याच्या व्यवस्थापकाला तो शोभत नाही. मदतीचा धनादेश छायाचित्रासह स्वीकारला की घरच्यांना वाटते, प्रकरण संपले. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम ही भरपाईच धरली जात नाही. भरपाई सरकारी प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावी आणि तेथून वारसांना वाटून मिळावी, असा दंडक आहे. विधवेच्या हातातली रक्कम दीर किंवा सावकार काढून घेऊ नयेत म्हणून कायदा करणाऱ्यांनी हे योजिले. त्यांना आमच्या घरांतली स्थिती आमच्यापेक्षा बरी ठाऊक होती. कोकण रेल्वेच्या बांधणीत प्राण गेलेल्या कामगारांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीत आहे. तेथे फुले वाहिली जातात, ते योग्यच. पण दगडी स्मारकाने कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढले, तेव्हापासून आम्ही सेमिनरीत श्रमिकांच्या हक्कांचे पाठ घेत आलो आहोत. १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स'मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अपघाताच्या विम्याचा, वैद्यकीय मदतीचा हक्क म्हणून उल्लेख केला. आम्हीही त्यावर परीक्षेत उत्तर लिहून चांगले गुण मिळविले होते. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवाही आम्हांला माहीत आहे, जी अन्यायी न्यायाधीशाचे दार सोडत नाही. प्रार्थनेतील चिकाटीचा दृष्टान्त म्हणून आम्ही दरवर्षी तो वाचतो. पण ती बाई प्रत्यक्ष न्यायालयात उभी आहे, प्रतिवाद्याविरुद्ध दाद मागते आहे, आणि प्रभूने तिला वाईट म्हटलेले नाही, या साध्या गोष्टीवर प्रवचन केल्याचे आम्हांला स्मरत नाही.

आता कोणी म्हणेल, हक्क मान्य. पण वकीलच कशाला? कायद्याने वकील अनिवार्य नाही हे खरे. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो, आणि ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते त्यांनी तर आधी त्या महामंडळाकडेच जावे, कारण त्यांचा अपंगत्वाचा लाभ तेथून मिळतो. परंतु बाकीच्यांच्या बाबतीत समोर कोण असतो, ते पाहा. पुष्कळदा तो मालक नसतो, विमा कंपनी असते. तिचा वकील पगारी असतो, आणि तो पहिलाच प्रश्न विचारतो : हा आमच्या विमेदाराचा कामगार होता याला पुरावा काय? 'मालकाशी वैर नको' या भीतीतही फारसा अर्थ नाही, कारण विमा असेल तर पैसे मालकाच्या खिशातून जातच नाहीत. 'चूक त्याचीच होती' हे दुसरे वाक्य. या कायद्याचा पायाच असा, की मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. कामगाराच्या साध्या हलगर्जीपणाने त्याचा हक्क जात नाही. आमच्या तरुणाने बंद न करता यंत्रात हात घातला, म्हणून त्याला आम्ही चारचौघांत बोलही लावला होता!

वकिलाने काय फरक पडतो याची दोन उदाहरणे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून देतो. १९६८ च्या जुलैमध्ये ओरिसातील जयपूर गावी चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. वय सत्तावीस, मजुरी महिना १२० रुपये. मालकाचे म्हणणे, तो आमचा नोकरच नव्हे. यादीप्रमाणे पाहिले तर हाताची ही हानी शंभर टक्के भरत नव्हती. पण आयुक्तांपुढे मुद्दा असा मांडला गेला, की एका हाताचा सुतार हा सुतार राहतो काय? रंधा एका हाताने मारता येतो काय? आयुक्तांनी शंभर टक्के हानी धरली, ९,८०० रुपये भरपाई, वर व्याज आणि दंड. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९७५ मध्ये हरला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आले. आजही ठिकठिकाणच्या न्यायालयांत तो निकाल पुढे केला जातो. हा प्रश्न विचारायला कोणीतरी जाणता माणूस लागतो. संत योसेफाच्या सणाला, १ मे रोजी, आम्ही सुताराच्या हत्यारांना आशीर्वाद देतो, पण हे आम्हांला सुचले नव्हते. आमच्या यंत्रचालकालाही उजव्या हाताने पुन्हा ते यंत्र धरता येणार नव्हतेच.

दुसरे उदाहरण हरलेल्यांचे, आणि ते किनाऱ्यावरच्या माणसांनी नीट ऐकावे. मुंबईहून इराणी आखाताकडे जाणारी 'द्वारका' बोट जुन्या लोकांना आठवत असेल. डिसेंबर १९६१ मध्ये तिच्यावरचा एक खलाशी समुद्रात असताना पहाटे नाहीसा झाला. आदल्या दिवसांत त्याच्या छातीत दुखत होते. वडिलांनी दावा केला. आयुक्तांनी तो फेटाळला, उच्च न्यायालयाने दिला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा काढून घेतला. तो मेला असेल. परंतु कामामुळे मेला असे दाखविणारा पुरावा पुढे आला नव्हता. नुसते कामावर असताना मरणे पुरत नाही, कामाशी त्या मरणाचा धागा जोडून दाखवावा लागतो. मिरकरवाड्याहून रात्री निघालेल्या ट्रॉलरवरचा एखादा खलाशी पाण्यात जातो तेव्हा तो धागा पहिल्या आठवड्यातच गोळा करावा लागतो. कोण शेवटचा बोलला, जाळे ओढण्याचे काम चालू होते की नव्हते, तांडेलाने काय हुकूम दिला होता. महिन्याने बोटीवरची माणसे आपापल्या गावी पांगलेली असतात. जाणता वकील पहिल्या आठवड्यात हवा तो यासाठी. आमच्याकडे पहिला आठवडा मयताच्या मिस्सेत आणि सांत्वनात जातो, पुढे महिन्याची मिस्सा येते, आणि दोन वर्षांची मुदत पायाखालून निघून जाते. सबळ कारण दाखविले तर उशीर माफ होऊ शकतो, पण ती दुसऱ्याच्या मर्जीची गोष्ट.

वकिलांविषयी लोकांच्या मनात जी अढी आहे ती सगळीच खोटी, असे आम्ही म्हणत नाही. 'आधी काही देऊ नका, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा' अशी बोली आम्ही स्वतः ऐकली आहे, कधी निम्म्याचीही. ही बोली करणाऱ्या वकिलाला सांगा, की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे निषिद्ध आहे. दाव्याच्या यशावर फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात ठरविले. रुग्णालयाच्या दारात भेटणारा, 'मी सगळे बघतो' म्हणणारा दलाल तर त्याहून वाईट. भरपाईची रक्कम आगाऊ कोणाच्या नावे करून देता येत नाही, त्यामुळे त्याच्या कागदालाही अर्थ नाही. फी ठरवून घ्यावी, पावती मागावी, वकीलपत्र वाचून मग सही करावी, कोऱ्या कागदावर अंगठा कदापि उठवू नये. चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर शेजारच्या टेबलाकडे वळावे. रत्नागिरीच्या कोर्टात वकिलांचा तुटवडा नाही.

आणि फी देण्याची ऐपतच नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, अपंगाला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. स्त्रीच्या बाबतीत तर उत्पन्नाची अटही नाही. कामावर मेलेल्या माणसाच्या पत्नीने एक रुपयाही खर्चू नये, अशी ही सोय आहे. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. ही माहिती आमच्या किती सूचनाफलकांवर लावलेली आहे? सणाच्या लिलावाची पत्रके मात्र वेळेवर लागतात. तेराव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात संत इव्हो हे धर्मगुरू गरिबांचे खटले फुकट चालवीत. १३४७ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि ते वकिलांचे आश्रयदाते ठरले. धर्मगुरू आणि वकील एकाच देहात नांदू शकतात, हे चर्चने तेव्हाच मान्य केले आहे.

१९२३ चा तो कायदा आता इतिहासजमा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि तो तिच्यात विलीन झाला. आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हे नाव आले. गाभा तोच राहिला असून एक मोठी भर पडली : घरून कामावर जाताना आणि कामावरून घरी येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरला जाईल. महामार्गावर दुचाकीने लोट्याला पाळीसाठी जाणाऱ्या मुलांच्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावे. कायदा नवा म्हटला की नवे गैरसमजही आले. 'आता जुने सगळे बंद झाले' असे सांगून मुदत घालविणारे लोक एव्हाना कामाला लागले असतील.

गेल्या वर्षी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. आता तो तरुण राहिलेला नाही. अंगठा आणि तळहात यांच्यामध्ये सुपारी धरून आडकित्त्याने कातरीत बसला होता. आम्ही काय सांगायला आलो आहोत ते ऐकून घेतल्यावर त्याची पत्नी एवढेच म्हणाली, "मी तेव्हा इचारलेलं, फादर." तिच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे आम्हांला तेथे बसणे अधिक कठीण झाले.

तिघे मिळून आम्ही विधी सेवेच्या कार्यालयात गेलो. नेमून मिळालेल्या वकीलबाई वयाने आमच्या पुतणीएवढ्या होत्या. त्यांनी स्टॅम्पपेपर उलटसुलट पाहिला, रुग्णालयाचे कागद तारखेप्रमाणे लावले, आणि सांगितले, की इतक्या वर्षांच्या विलंबाची माफी मिळवायची तर कारण भक्कम लागेल. मिळेलच असे वचन त्या देत नाहीत. मग त्यांनी विचारले, "खाली साक्षीदाराची सही आहे ती कोणाची? यांनी दावा का केला नाही, हे ती व्यक्ती शपथेवर सांगेल का?"

आम्ही होय म्हणालो. विलंबमाफीचा अर्ज दाखल झाला आहे. विरुद्ध बाजूने वकील दिला असून आमची उलटतपासणी व्हायची आहे.